परीक्षणातली चार वाक्यं आणि थांबलेली लेखणी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तराचा संदर्भ वाचणाऱ्या प्रत्येकाला लागेल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि लहानपणीचे पाच-सहा हंगाम तुम्हीही त्यांच्याबरोबर फडावर काढलेत. त्यातून लिहिलेली तुमची पहिली कथा दिवाळी अंकात छापून आली. महिन्याभराने एका रविवारच्या पुरवणीत त्या अंकाचं परीक्षण आलं. त्यात तुमच्या कथेवर चार वाक्यं होती आणि चारही झोंबणारी. कुणीतरी कात्रणाचा फोटो तुमच्या जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि त्याखाली हसरी तोंडं उमटली. तेव्हापासून चार महिने तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही विचारता, ‘लेखकाने कातडी जाड करायला हवी असं सगळे सांगतात. ती करायची कशी? आणि जमत नसेल तर लिहिणं सोडून द्यावं का?’

कथा आणि परीक्षण दोन्ही सोबत पाठवलंत हे फार चांगलं केलंत. नुसता प्रश्न आला असता तर मलाही ‘मनावर घेऊ नका’ यापलीकडे काही सांगता आलं नसतं, आणि त्या वाक्याचा कुणाला उपयोग झालेला मी आजवर पाहिलेला नाही. मी तीसेक वर्षं कथा लिहितेय. त्यातली चौदा वर्षं एका दिवाळी अंकासाठी कथा निवडायचं कामही केलं. म्हणजे टीका सोसलीय आणि केलीही आहे. जे सांगते ते त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून.

पहिली गोष्ट, कातडी जाड करायच्या फंदात पडू नका. तुमच्या कथेत उसाचं पान पोरीच्या गालावर चरा ओढून जातं आणि दुपारी घाम आला की तो चरा चुरचुरतो, असं एक वाक्य आहे. जाड कातडीच्या माणसाला ते सुचत नाही. ज्या कातडीला तो चरा इतक्या वर्षांनी आठवतो, तिला परीक्षणातलं वाक्यही लागणारच. निम्मी कातडी बधिर करून निम्मी जागी ठेवता येत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी तसं करून पाहिलं. टीकेचा त्रास त्यांना कमी झाला असेल, पण पुढे त्यांच्या कथाही कोरड्या पडत गेल्या.

मला खरी अडचण वेगळी दिसते. तुम्ही ती चारही वाक्यं एका घोटात गिळलीत. त्यातलं एक तुमच्याबद्दल आहे, एक भाषेच्या राजकारणाबद्दल, एक मोघम आहे आणि एक तुमच्या कथेबद्दल कुणी सांगितलेली आजवरची सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे. चारही एकत्र गिळल्यामुळे त्या शेवटच्याचा फायदा पहिल्याच्या विषात बुडून गेला. म्हणून आपण ती वेगळी काढू.

त्याआधी एक सांगायला हवं, की सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. टीका पहिल्या कथेवर आलीय की आठव्या पुस्तकावर, माणूस एकटा आहे की घरात ऐकून घेणारं कुणी आहे, लिहिण्यावर पोट अवलंबून आहे का, यावर बरंच ठरतं. चार महिने लिहिणं बंद असणं मी काळजीचं मानत नाही, पुष्कळांचं होतं. पण याच चार महिन्यांत झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यातच रस वाटेनासा झाला असेल, तर हा साहित्याचा प्रश्न राहिलेला नाही. मग आधी डॉक्टरांशी बोला, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा नाही. कथा थांबेल तुमच्यासाठी.

आता ती वाक्यं. परीक्षणातलं शेवटचं आधी घेते, कारण ते सगळ्यांत जास्त लागलं असणार: ‘अनुभवाच्या भांडवलावर एक कथा लिहिता येते, लेखक होता येत नाही.’ हे वाक्य तुमच्या कथेबद्दल काहीही सांगत नाही. तुम्ही पुढे काय लिहाल याचं ते भाकीत आहे आणि तुमची पुढची कथा त्या माणसाने वाचलेली नाही, कारण ती अजून लिहून व्हायची आहे. परीक्षणात अशी वाक्यं का येतात हे मला ठाऊक आहे. पंधरा कथा, दहा कविता, चार लेख अशा अंकाला चारशे-पाचशे शब्द मिळतात. प्रत्येक कथेच्या वाट्याला तीन-चार ओळी. त्यात शेवटची ओळ ठसठशीत व्हावी असं लिहिणाऱ्याला वाटतं आणि ठसठशीतपणाच्या ओढीत तो कथेवरून उठून माणसावर जातो. मीही तरुणपणी असं एक वाक्य एका कवयित्रीबद्दल लिहिलं होतं. वर्षांनंतर तिला भेटून माफी मागितली तेव्हा तिला ते शब्दन् शब्द पाठ होतं. म्हणून सांगते, हे वाक्य टाकून द्या. त्यातून घेण्यासारखं खरंच काही नाही.

तिसरं वाक्य: ‘भाषा ओबडधोबड, प्रमाणलेखनाची पुरेशी जाण नसलेली.’ इथे मात्र थांबावं लागतं, कारण यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. छापलेली पानं घेऊन मी पेन्सिलीने खुणा करत बसले. निवेदनात ‘आणि’मधला ‘णि’ तीन ठिकाणी दीर्घ पडलाय. एका परिच्छेदात ‘ती’ म्हणजे माय की टोळी नेणाऱ्या मुकादमाची बायको, हे दोनदा वाचूनही कळत नाही. मुद्रितशोधकाच्या नजरेतून हे सुटलं हे खरं, पण चूक मुळात तुमच्या हस्तलिखितातली. ती मान्य करा, शुद्धलेखनाचं एक पुस्तक टेबलावर ठेवा, पुढच्या वेळी पाठवण्याआधी कुणाकडून तरी तपासून घ्या. एवढंच. यात मानापमानाचं काही नाही. शेतात जाण्याआधी कोयत्याला धार लावण्यासारखं ते काम आहे.

पण परीक्षणात ओबडधोबडपणाचा नमुना म्हणून जे उचलून दाखवलंय ते निवेदन नाही. ते मायचं बोलणं आहे: ‘कामून रडायलीस? मोळी बांध.’ मराठवाड्यातली बाई असंच बोलते. ती ‘का बरं रडतेस?’ असं म्हणाली असती तर ती कथेतून उठून गेली असती.

हा वाद मराठीला नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं आणि त्यात जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना व्याकरणावरून, भाषेवरून त्यांची हेटाळणी केली. चिपळूणकर काही लहान लेखक नव्हते. आधुनिक मराठी गद्याची घडण सांगताना त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. आणि तरीही शेतकऱ्याचं घर, त्याच्या अंगावरचं वस्त्र, त्याच्या ताटातलं अन्न फुल्यांनी ज्या गद्यात मांडलं, ते गद्य वगळूनही आज कुणाला मराठीचा इतिहास लिहिता येत नाही. चिपळूणकरांच्या हातात माप होतं ते एका वर्गाच्या घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीचं. त्या मापात न बसणारं सगळं त्यांना चुकीचं दिसलं.

यावरून ‘टीकाकार नेहमी चुकतात’ असा सोयीचा अर्थ काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चुकीचा ‘णि’ हा चुकीचाच आहे, त्याला बोलीचं कवच देता येणार नाही. अर्थ एवढाच काढायचा, की भाषेवर टीका झाली की आधी पाहायचं, बोट कुठे ठेवलंय. निवेदनातल्या ढिलाईवर असेल तर ऐका. पात्राच्या जिभेवर असेल तर ऐकू नका, कितीही मोठा माणूस सांगत असला तरी.

पहिलं वाक्य: ‘ही कथा नसून वार्तांकन आहे.’ हे मोघम आहे. मोघम टीकेचा त्रास असा, की ती खोटी ठरवता येत नाही आणि वापरताही येत नाही, नुसती छातीवर बसून राहते. माझी पद्धत सांगते. अशा वाक्यापुढे मी एकच शब्द लिहिते: ‘कुठे?’ आणि मग कथा उघडून स्वतःच ती जागा शोधायला लागते. टीकाकाराने ती दाखवली नाही म्हणून ती नसेलच असं नाही. सापडली तर टीका कामाची. तीन वेळा वाचूनही सापडली नाही, तर तो त्या माणसाच्या आवडीनिवडीचा भाग समजायचा आणि सोडून द्यायचा.

तुमच्या कथेत मला ती जागा सापडली. तिसऱ्या पानावर उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम किती, टनाला भाव किती, मुकादमाचं कमिशन किती, हंगाम किती महिन्यांचा, हे सगळं एका दमात येतं. तिथे माणसं गप्प होतात आणि तुम्ही बोलायला लागता. आता त्याच्या आधीचं पान काढा. मुकादम कंदिलाच्या उजेडात वही उघडून टोळीची मोजणी करतोय. नवराबायको मिळून एक कोयता, असं करत करत तो तुमच्या विधवा मावशीपाशी येतो, मान वर न करता म्हणतो, ‘अर्धा कोयता,’ आणि लिहितो. मी सांगली जिल्ह्यात राहते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात, रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, हे पाहत माझं वय गेलं. ‘कोयता’ म्हणजे जोडी, हेही माहीत होतं. पण एका बाईला तिच्यासमोर अर्धं मोजलं जातं ते कसं, हे मला तुमच्या त्या ओळीने पहिल्यांदा दाखवलं. तिसऱ्या पानावरच्या सगळ्या आकड्यांचं काम त्या दोन शब्दांनी आधीच केलेलं आहे. म्हणजे परीक्षण लिहिणारा अर्धवट बरोबर होता. कथेत एक पान वार्तांकनाचं आहे. बाकीची कथा कथाच आहे, आणि हे त्याने लिहिलं नाही, हा त्याचा अन्याय.

आता दुसरं वाक्य, ज्यासाठी मी त्या अनोळखी परीक्षणकर्त्याचे आभार मानेन: ‘शेवटी लेखिका वाचकाच्या कानात ओरडून अर्थ सांगते.’ कठोर आहे. ‘ओरडून’ हा शब्द टाळता आला असता. पण तुमचा शेवट पुन्हा वाचा.

‘तिनं कोयता पालथा ठेवला आणि पोरीच्या केसांतलं पाचट एकेक करून काढत बसली.’ याच्यानंतर तुम्ही लिहिलंय, ‘तिला वाटलं, आपलं आयुष्यही या चिपाडासारखं झालं आहे. रस सगळा कारखान्याने काढून घेतला आणि चोथा तेवढा आपल्या वाट्याला आला. गरिबाच्या जन्माला दुसरं काय असतं?’

हाताने झाकून बघा. शेवटची तीन वाक्यं तळहाताखाली झाका आणि ‘पाचट काढत बसली’ इथे थांबा. दिवसभर उसात वाकलेली बाई, अंधार पडलाय, हत्यार पालथं घातलंय आणि ती बोटांनी पोरीच्या केसांतून उसाचाच कचरा काढतेय. काम संपलंय आणि संपलेलंही नाही. हे सगळं त्या एका ओळीत आहे. पुढची तीन वाक्यं ते आमच्या हातातून काढून घेतात आणि एक तयार अर्थ देतात. चिपाडाची उपमा वाईट नाही, पण ती आम्ही याआधी ऐकलेली आहे. केसांतलं पाचट कुणाकडेच नव्हतं, ते फक्त तुमच्याकडे होतं.

आता विचार करा, चार महिने तुम्ही ज्या परीक्षणाच्या धाकाने लिहिलं नाहीत, त्याच्यातच तुमची कथा कितीतरी चांगली करणारी सूचना पडून होती. ती तुमच्यापर्यंत पोचली नाही, कारण ती अपमानात गुंडाळून आली. टीकेतला मजकूर आणि टीकेतला चारचौघांतला अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला समजायला फार वेळ लागला. त्याची हकिगत सांगते.

माझा पहिला कथासंग्रह १९९४ साली आला. एका जाणत्या समीक्षकांनी लिहिलं, ‘या कथांतली सगळी माणसं लेखिकेच्याच घरात वाढल्यासारखी बोलतात.’ मी ते कात्रण कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं आणि अकरा महिने काही लिहिलं नाही. मनात एकच घोकत राहिले, की यांना माझी माणसं कळलीच नाहीत. तेव्हा मी शाळेत मराठी शिकवायचे. एकदा पावसाने मुलं आली नव्हती, तर आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंना मी सहज माझी एक कथा वाचून दाखवली. मार्केट यार्डातल्या हमालाची. त्यांचे यजमान हळदीच्या पेठेत हमाली करायचे. त्या शांतपणे ऐकत होत्या. कथेतला हमाल बायकोला म्हणतो, ‘आज माझी मनःस्थिती ठीक नाही.’ बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, ‘बाई, ह्यो तुमच्यासारकंच बोलतोय की. आमचं मालक तर काय बोलतच न्हाईत. नुसतं पाठ करून झोपत्यात.’

समीक्षकांनी लिहिलेलं आणि शिपाईबाईंनी सांगितलेलं अगदी एकच होतं. पहिल्याने मी अकरा महिने थिजले. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी ती कथा काढली आणि हमालाला पाठ करून झोपवलं. फरक मजकुरात नव्हता. पहिलं गावभर वाचलं गेलं होतं, माझे सहकारी स्टाफरूममध्ये तो पेपर उलटा ठेवत होते. दुसरं एका बाकावर दोघींत झालं, माझी कथा नीट व्हावी अशी इच्छा असलेल्या बाईकडून. म्हणजे मला लागत होती ती बेअब्रू. दोष तर ऐकताक्षणी पटला होता.

तेव्हापासून मी कठोर टीका आली की ती आधी अपमानातून सोडवून घेते. कसं, तेही सांगते. आल्या दिवशी एकदाच वाचते आणि ठेवून देते. पुन्हा पुन्हा वाचत नाही, कुणाला पाठवत नाही, उत्तर लिहीत नाही. आठ-दहा दिवसांनी वही घेऊन त्यातली वाक्यं माझ्या हाताने, माझ्या अक्षरात उतरवते, टीकाकाराचं नाव न लिहिता, एका ओळीत एक वाक्य. विशेषणं गाळते. ‘ओरडून अर्थ सांगते’ याचं वहीत ‘शेवटी अर्थ सांगितला आहे’ एवढंच होतं. मग प्रत्येक वाक्यापुढे तो ‘कुठे?’ लिहायचा. माणसाबद्दलच्या वाक्यांना ‘कुठे?’ लागूच पडत नाही, ती आपोआप गळतात. उरलेल्यांतलं एखादं पानावर जाऊन भेटतं. छापलेल्या अक्षरांचा दरारा फार असतो. तेच आपल्या अक्षरात आलं की मास्तरांनी वहीत केलेल्या खुणेइतकं होतं. तुम्हाला आठ दिवस कमी वाटले तर महिना घ्या. तुमच्या बाबतीत चार महिने झालेच आहेत, तेव्हा वही आजच काढायला हरकत नाही.

एक आणखी. परीक्षण हे तुम्हाला लिहिलेलं पत्र नसतं. ते वाचकासाठी असतं, अंक घ्यावा का न घ्यावा यासाठी. तुम्हाला शिकवायची जबाबदारी त्याची नाही. ती जबाबदारी संपादकाची. मराठीत ती परंपरा मोठी आहे. ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी कथेच्या बारीकसारीक जागांवर चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत. आणि हेही लक्षात ठेवा, की त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुण लेखकांनी होळी केली, कारण आपल्या भाषेला, आपल्या जगण्याला तिथल्या अभिरुचीत जागा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी दोन्ही बाजूंचा आदर करते. इतकी निष्ठेने केलेली निवडही सगळं पाहू शकत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. तुमच्यापुरतं सांगायचं, तर पुढची कथा ज्या अंकाला द्याल, त्या संपादकांना लिहा की ‘कथा घेतलीत किंवा परत केलीत तरी दोन ओळी कळवा.’ जून-जुलैत पाठवलीत तर त्यांना वेळ असतो. ऑगस्ट संपत आला की अंक छपाईच्या घाईत जातो, मग कुणाकडूनच काही येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल फार लिहीत नाही. हसणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कथा वाचलेली नसणार. गट सोडायची गरज नाही, आवाज बंद करून ठेवा. मात्र टीकेच्या नावाखाली कुणी घाणेरडं लिहिलं, धमकी दिली, जातीवरून किंवा बाई म्हणून बोललं, तर ती टीका नव्हे. तारखेसकट त्याची छायाचित्रं जपून ठेवा, घरात सांगा आणि पोलिसांच्या सायबर शाखेत जायला कचरू नका. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने कथा छापल्या तेव्हा इतका गदारोळ उठला, की लेखिका कोण याचाच शोध सुरू झाला. खरं नाव बराच काळ गुप्त राहिलं आणि त्यांना पुढे लिहिता आलं. टोपणनाव घेणं हा पळपुटेपणा नाही. काहींना ते लागतं, काहींना नाही. तुम्हाला लागेल असं मला आज वाटत नाही.

आणि परीक्षणाला उत्तर? देऊ नका. वस्तुस्थितीची चूक असेल, म्हणजे नाव चुकलं, कथेत नसलेलं काही तुमच्या तोंडी घातलं, तर संपादकांना तीन ओळींचं पत्र. बाकी नाही.

इथवर चार वाक्यांचा हिशोब झाला: एक टाकलं, एक निम्मं घेतलं, एकातून एक पान सापडलं, एकाने शेवट दिला. पण तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना मला वाटायला लागलं, की लेखणी या चार वाक्यांनी अडवलेली नाही. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही सहज गेल्यासारखी एक ओळ लिहिलीय: ‘शिवाय माय म्हणाली, कामून मांडलंस हे सगळं लोकायम्होरं.’

परीक्षणकर्त्याने तुम्हाला लिहिता येत नाही असं म्हटलं. मायने म्हटलं की लिहायला नको होतं. पहिल्याला कथा सुधारून उत्तर देता येतं, दुसऱ्याला तसं देता येत नाही. आणि तिचं म्हणणं मला समजतं. अर्धपोटी निजलेल्या रात्री, मुकादमापुढे घातलेली मान, हे तिने निभावून नेलं, झाकलं, तुम्हाला शिकवलं. ते आता चारशे रुपयांच्या अंकात छापून आलंय.

माझ्या एका कथेत माझी आत्या होती. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, पण पानाचा डबा तसाच ठेवला होता आणि त्यावरून साऱ्या भावकीने तिला ओळखलं. ती सहा वर्षं माझ्याशी बोलली नाही. ते तिचं बरोबर होतं असं मला आज वाटतं. कथा लिहायला नको होती असं मात्र अजूनही वाटत नाही. छापण्याआधी तिला वाचून दाखवायला हवी होती. ती कदाचित नको म्हणाली असती, कदाचित डबा काढ म्हणाली असती, कदाचित मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगितलं असतं. तो प्रसंग मी दोघींच्याही हातून घालवला. तेव्हापासून जिवंत माणसावर बेतलेली कथा त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय मी देत नाही. यात कधी कथा गमवावी लागते, आजवर दोन गमावल्यात. प्रत्येकाने असंच करावं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी छळलं त्यांची परवानगी मागायची नसते. पण माय त्यांतली नाही.

तेव्हा सुट्टीत घरी जाल तेव्हा अंक घेऊन जा. मायला वाचता येत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिने कथा ऐकलीय ती लोकांच्या तोंडून. कुणी काय सांगितलं असेल कोण जाणे. तुम्ही स्वतः तिला सगळी वाचून दाखवा, सावकाश, तिच्याच बोलीतलं बोलणं तिच्याच आवाजात. समजावू नका, बाजू मांडू नका. ‘यात चुकलं काय ते सांग,’ एवढंच विचारा. ती कदाचित उठून जाईल. कदाचित म्हणेल, कंदील नव्हता गं, बॅटरी होती. म्हणेल, मोळी अशी बांधत नाहीत. ती बोलायला लागली तर वही जवळ असू द्या, पण लगेच उघडू नका. आणि एखादा प्रसंग ती नकोच म्हणाली, तर पुढच्या कथेत तो घेऊ नका. तुमच्याकडे पाच-सहा हंगाम आहेत. एका प्रसंगाने ते आटत नाहीत.

लिहिणं सोडावं का, याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते तुम्हाला धीर द्यायला म्हणून देत नाही. चौदा वर्षांत शेकडो कथा परत केल्या, काहींना तोंडावर सांगितलं की तुमची वाट ही नाही. तुम्हाला ते सांगायला माझ्याकडे कारण नाही. तिसरं पान काढा, शेवटची तीन वाक्यं काढा, ‘ती’ कोण ते स्पष्ट करा. या कामाला एक रविवार पुरेल.

आणि मग ती मावशी. तुमच्या कथेत ती दोन ओळींत येते, वहीत अर्धी मोजली जाते आणि नाहीशी होते. जोडीने तोडणाऱ्यांत एक जण मोळी उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर देतो. तिची मोळी तिच्या डोक्यावर कोण देत होतं? परवापासून मला हा प्रश्न पडलाय. मायला माहीत असेल.